मागील बाकी

लढाईच्या संगणकीय खेळात खलनायक कशामुळे खलनायक झाला, हा प्रश्न वडीलधाऱ्यांना सहसा पडत नाही. त्यांना पडद्यावर बंदुका आणि स्फोट दिसतात. त्यामागे कथाही असू शकते, हे ध्यानात येत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या मालिकेत मात्र कथा आहे, आणि तिचा गुंता सोडवताना खेळणाऱ्यांचीही दमछाक होते.

महागावच्या बाजारपेठेत कापूस आणि सोयाबीनच्या व्यापारात हयात घालवलेल्या एका आजोबांना ती दिवाळीच्या सुटीत नातवाकडून कळली. नातू सांगू लागला, तशी रशियन आणि इंग्रजी नावांची गर्दी झाली. आजोबा म्हणाले, “नावं राहू दे रे. कोणाचं कोणाकडे काय येणं आहे, तेवढं सांग.” आणि कथा एकदम सरळ झाली.

२००७ साली आलेल्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये इम्रान झाखाएव हा खलनायक आहे. चेर्नोबिलजवळच्या ओसाड प्रिप्यात शहरात प्राइस या ब्रिटिश सैनिकाच्या गोळीने त्याचा एक हात जातो. वर्षांनी प्राइसचीच तुकडी त्याच्या मुलाला कोंडीत पकडते आणि तो मुलगा स्वतःवर गोळी झाडतो. संतापलेला बाप अमेरिकेवर अण्वस्त्रे सोडतो. याच भागात एका अणुस्फोटात तीस हजार अमेरिकन सैनिक मरतात.

ही बाकी २००९ च्या दुसऱ्या भागात पुढे ओढली जाते. त्या तीस हजारांचा सेनापती होता शेफर्ड. आपली माणसे क्षणात गेली आणि जग नुसते पाहत राहिले, हा सल त्याला सोडत नाही. दरम्यान झाखाएवचा अनुयायी माकारोव्ह रशियातील विमानतळावर हत्याकांड घडवतो आणि त्याचा आळ अमेरिकेवर येईल अशी व्यवस्था करतो. रशिया अमेरिकेवर चालून जातो. शेफर्डला हवी असलेली लढाई मिळते, आणि आपला डाव उघड होऊ नये म्हणून तो आपल्याच विश्वासू सैनिकांना ठार करतो.

येथे आजोबांनी नातवाला थांबवले. “दुःख खरं आहे त्याचं. पण स्फोट केला एकाने आणि वसुली दुसऱ्याकडून? ही नोंद चुकीच्या खात्यावर पडली.”

मालिकेतील खलनायकांचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. त्यांचे दुःख बहुधा खोटे नसते. खोटे असते ते खाते. ज्याने घाव घातला तो हाती लागत नाही, किंवा एकटा पुरत नाही. मग एक शहर, एक देश, सारे जगच ऋणको ठरते. माकारोव्ह मात्र या कसोटीवर उणा पडतो. तो क्रूर आहे, चतुर आहे. पण त्याचे स्वतःचे काय हरपले, हे कथा मनाला भिडेल असे सांगत नाही. म्हणून त्याची भीती वाटते, पण तो समजत नाही. २०११ च्या तिसऱ्या भागात सोप हा सहकारी गमावलेला प्राइस माकारोव्हला फासावर लटकवतो, तेव्हा नायकही वसुलीलाच निघालेला असतो.

२०१२ च्या ‘ब्लॅक ऑप्स २’मधील राऊल मेनेंडेझ या साऱ्यांहून खोल आहे. निकाराग्वातील या माणसाची बहीण होसेफिना एका आगीत होरपळून पंगू झालेली असते, आणि ती आग विम्याच्या पैशासाठी लावलेली असते. पुढे एका अमेरिकन सैनिकाने फेकलेल्या बॉम्बने तीही जाते. मेनेंडेझ सूड घेण्यासाठी दशकानुदशके थांबतो. या भागाचा शेवट खेळणाऱ्याच्या निर्णयांवर अवलंबून आहे. मेनेंडेझला ठार केले, तर त्याने आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला संदेश जगभर पसरतो आणि त्याचे अनुयायी उठाव करतात. त्याला जिवंत पकडले, तर तो उठाव होत नाही. शत्रू संपवला म्हणजे वैर संपले, हा समज खुद्द बंदुकीच्या खेळानेच खोडून काढला आहे.

हे खेळ प्रौढांसाठी आहेत. दुसऱ्या भागावर युरोपात १८ वर्षांखालील मुलांसाठी नसल्याची खूण आहे. लहानांच्या हाती ते देऊ नयेत, यात वाद नाही. पण कॉलेजात जाणारे मूल ते खेळत असेल, तर “बंद कर ते” याच्याही पुढे एक प्रश्न विचारता येतो: हा माणूस असा का झाला, आणि तसे असूनही तो कुठे चुकला? कारण समजणे म्हणजे दोष माफ करणे नव्हे, हे उत्तर शोधताना मुलाला आपोआप कळते.

व्यापारी घरांना हा प्रश्न परका नाही. दुकानाच्या वाटणीत दोन भाऊ दुरावतात. मूळ व्यवहार काय होता, तो त्या दोघांनाच ठाऊक असतो. त्यांच्या मुलांनी त्यात एक पैसा घेतलेला नसतो की दिलेला नसतो. तरी लग्नाची पत्रिका जात नाही, रस्त्यात नजर वळवली जाते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मागील बाकी जशीच्या तशी उतरते.

दरवर्षी वही नवी होते, तेव्हा बुडीत येणी सोडून देण्याचे शहाणपण व्यापारी दाखवतोच. पैशाच्या बाबतीत जे जमते, ते मनाच्या बाबतीतही जमवावे. निदान आपली बाकी मुलांच्या नावे टाकू नये.