सर्वानुमते मंजूर

धर्मादाय रुग्णालयाच्या लेखापरीक्षणाला गेलो की मी आधी इतिवृत्ताची वही मागतो. हिशेबनीस जरा चपापतात. त्यांनी पावत्यांच्या फायली आणि बँकेचे उतारे टेबलावर मांडून ठेवलेले असतात. पण रुग्णालयाचं काय चाललंय हे ताळेबंदात उमटायला दोन-तीन वर्षं जातात. विश्वस्तांच्या बैठकीत ते कितीतरी आधी दिसतं. सभेला कोण आलं, कोण नुसती सही करून निघून गेलं, कोणत्या विषयाने चार पानं खाल्ली आणि कोणता एका ओळीत उरकला, हे सगळं त्या वहीत असतं.

नियमालाही हे अपेक्षितच आहे. आपल्याकडचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा १९५० चा आणि त्याखालचे नियम १९५१ चे. त्यातला एकोणिसावा नियम लेखापरीक्षकाला जमाखर्चापलीकडचे प्रश्न विचारतो. विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का? सभा वेळेवर होतात का? इतिवृत्त ठेवलं जातं का? एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? संस्थेच्या गुंतवणुकीत कुणाचा हितसंबंध आहे का? प्रश्न टोकदार आहेत. उत्तरं मात्र बहुतेक अहवालांत एकेका शब्दाची: होय, होय, होय, नाही, नाही.

वहीतली भाषाही ठरलेली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सर्वानुमते मंजूर. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. आभार, चहापान. वर्षानुवर्षं प्रत्येक ठराव एकमताने होत असेल, तर मला त्या एकमताचं कौतुक वाटत नाही. रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे रोज पैसा, वेळ आणि जीव यांची ओढाताण चालते, तिथे सगळ्यांचं सगळ्यावर एकमत होत असेल, तर खरा विषय टेबलावर आलेलाच नाही असं मी धरून चालतो.

मंडळावर माणसं येतात कशी, इथून सुरुवात करू. साधारण चार वाटा आहेत. पहिली घराण्याची: आजोबांनी जमीन दिली, म्हणून नातू विश्वस्त. दुसरी देणगीची. तिसरी प्रतिष्ठेची: निवृत्त न्यायाधीश, माजी सनदी अधिकारी, गावातलं मोठं नाव, मांडवात जावयाला बसवावं तसं त्यांना बसवलेलं असतं, मान भरपूर, काम काही नाही. चौथी वाट डॉक्टरांची. या चौघांचाही उपयोग असतो. घराणं संस्थेचा मूळ हेतू जपतं, देणगीदार यंत्रसामग्री आणतो, अधिकाऱ्याला मंत्रालयाचे जिने माहीत असतात, डॉक्टरला वॉर्ड कळतो. पण प्रत्येकाला निवडलं जातं ते तो काय आणू शकतो यावर. तो काय विचारू शकतो, हे निवडताना कुणी पाहत नाही.

आणि एकदा आलेला माणूस सहसा जात नाही. कित्येक संस्थांच्या घटनेत आजीव विश्वस्ताची तरतूद असते. २०२५ साली कायद्यात झालेल्या सुधारणेने आजीव विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशावर आणून ठेवली, ते बरंच झालं. मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो वाद निघून अडकला, की लेटरहेडवर एक यादी, सरकारी नोंदवहीत दुसरी आणि प्रत्यक्ष खुर्च्यांवर तिसरी, असा प्रकार होतो. त्या काळात निर्णय कोण घेतं? जो रोज येतो तो. बहुधा व्यवस्थापकीय विश्वस्त, नाहीतर प्रशासक. मंडळ उरतं ते सह्यांपुरतं.

मंडळाने मनावर घेतलं तर काय होतं, याचे दाखले आपल्याकडे आहेत. १९२६ साली परळला केईएम रुग्णालय आणि गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. महाविद्यालयासाठी पैसा देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली, की इथले अध्यापक भारतीयच असले पाहिजेत. वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा बव्हंशी गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असण्याचा तो काळ. ती अट इमारतीपेक्षा मोठी ठरली. परळलाच १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने टाटा मेमोरियल सुरू केलं. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. नाव राहिलं, ताबा सुटला. कर्करोगाच्या उपचारांचा आणि संशोधनाचा पसारा एका ट्रस्टच्या तिजोरीवर कायमचा चालणारा नव्हता. आपला ताबा कधी सोडायचा हे ओळखणं हेही विश्वस्ताचंच काम.

पुण्याच्या केईएमचा जन्म १९१२ चा, सरदार मुदलियार रुग्णालय या नावाने. डॉ. बानू कोयाजी तिथे १९४४ साली आल्या तेव्हा ते छोटंसं रुग्णालय होतं. त्यांनी ते वाढवलं, पण त्यांच्या नेतृत्वाची खूण मला खाटांच्या संख्येत दिसत नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी रुग्णालयाचं काम शिरूर तालुक्यातल्या वढूला नेलं, गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दारात आलेल्या रुग्णांची मोजणी सगळेच करतात. जे दारापर्यंत येऊच शकत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी संस्थेच्या कामात आणला.

हाच प्रश्न आता कायद्यानेही विचारला आहे. १९५० च्याच कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या ऑगस्टमध्ये योजना ठरवून दिली. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. अत्यवस्थ निर्धन रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं आणि त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत प्राण वाचवणारे उपचार करायचे. हे दरवाजावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. मंडळाच्या बैठकीत त्याचं काय होतं, ते सांगतो.

बैठकीत एक आकडा येतो: निधीत इतके जमा, इतके खर्च, इतकी शिल्लक किंवा इतकी तूट. तूट असली की विश्वस्त सुखावतात. आपण वाट्यापेक्षा जास्त धर्म केला असं वाटतं. पण निधीतून खर्च पडतो तो बिलाच्या रकमेने. आणि बिल कोणत्या दराने लावायचं, हेही योजनेत लिहिलं आहे: खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या यांसारख्या सेवांचे पैसे लावायचेच नाहीत, तपासण्या आणि शस्त्रक्रिया सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने, औषधं, साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणं खरेदीच्या किमतीला, डॉक्टरांनी आपली फी सोडायची. हिशेबाला सोपं उदाहरण घ्या. रुग्णालयाचं महिन्याचं बिल पाच कोटींचं असेल तर निधीत दहा लाख येतात. एका निर्धन रुग्णाचं बिल नेहमीच्या दराने लाखभर लावलं, तर दहा रुग्णांत निधी संपतो. तेच बिल योजनेच्या दराने चाळीस हजार झालं, तर पंचवीस रुग्ण बसतात. ताळेबंदात दोन्ही ठिकाणी खर्च दहाच लाख. पंधरा माणसं मधल्या दरात हरवली, आणि ती कोणत्याही खात्यात दिसत नाहीत.

म्हणून शिल्लक किती, हा विश्वस्ताचा प्रश्नच नव्हे. राखीव खाटा वर्षात किती दिवस भरलेल्या होत्या? बिलं कोणत्या दराने लागली? किती जणांना कागदपत्रांअभावी परत पाठवलं? रात्री दोन वाजता काउंटरवर अनामत रक्कम मागायची की नाही, हे कोण ठरवतं? या प्रश्नांची उत्तरं वैद्यकीय समाजसेवकाकडे असतात. शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा दाखला तपासणारा, नातेवाइकांची बोलणी खाणारा तो किंवा ती. मंडळाच्या बैठकीत हा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. लिफ्टचा ठेकेदार मात्र सादरीकरणाला येतो.

पैशाकडे पाहता पाहता रुग्ण नजरेआड होणं हा आपलाच रोग नाही. इंग्लंडमध्ये १९९१ पासून सरकारी रुग्णालयंच ‘ट्रस्ट’ म्हणून चालतात. देणगीशी त्यांचा संबंध नाही, पैसा करदात्यांचा. मंडळावर मुख्य कार्यकारी, वैद्यकीय आणि परिचर्या विभागाचे प्रमुख आणि त्यांना जाब विचारायला बाहेरून आणलेले सदस्य. रचना आपल्यापेक्षा कितीतरी नेटकी. तरीही स्टॅफर्डच्या रुग्णालयात जे घडलं ते घडलं. खर्च कमी करून जास्त स्वायत्त ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा दर्जा मिळवायचा, हे मंडळाने ध्येय धरलं. कर्मचारी कमी केले. २००८ मध्ये दर्जा मिळालाही. त्याच काळात वॉर्डात रुग्ण घाण झालेल्या चादरींवर पडून होते, पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला जात नव्हता. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारीत आला. त्यात २९० शिफारशी होत्या. मंडळाने रुग्णांचं आणि कर्मचाऱ्यांचं पुरेसं ऐकलं नाही, हा त्याचा मुख्य ठपका. त्यानंतर संचालकपदाला लायक असण्याच्या अटी आणि रुग्णाला इजा झाली तर ती उघडपणे सांगण्याचं बंधन, दोन्ही कायद्यात आली. तिथल्या मंडळांच्या सभांना आज सामान्य नागरिक जाऊन बसू शकतो. आपल्याकडे वही कपाटात असते.

एका तालुक्याच्या गावातल्या ट्रस्टमध्ये मी पाहिलेली गोष्ट. मंडळावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. एका सभेत त्यांनी विचारलं, आवारातल्या औषधाच्या दुकानाचं भाडं किती, आणि ते चालवतं कोण? दुकान एका विश्वस्ताच्या मेहुण्याकडे होतं, भाडं जुन्या काळातलं. विश्वस्ताच्या नातेवाइकाला असा लाभ दिला तर प्राप्तिकर कायद्याखाली ट्रस्टची करसवलतच धोक्यात येते. इतिवृत्तात त्यावर दोनच शब्द होते: ‘चर्चा झाली.’ पुढच्या वर्षी निविदा निघाली, भाडं कितीतरी पटींनी वाढलं. बाईंची मुदत संपल्यावर ती वाढवून देण्यात आली नाही. तो ठराव सर्वानुमते झाला.

असे प्रश्न विचारणारी माणसं मंडळावर आणायची तर आजच्या घटनांमध्ये थोडे बदल पुरतील. प्रत्येकाला ठरावीक मुदत. एक जागा रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यासाठी, जिचा देणगीशी संबंध नाही. दर तिमाहीला समाजसेवकाचा अहवाल, त्याच्याच तोंडून. आणि विरोध करणाऱ्याचं मत त्याच्या शब्दांत नोंदवायचं. यातल्या एकालाही कायदा आडवा येत नाही. आड येते ती सवय.

ही सवय मोडण्याचं साधन मंडळाबाहेरच्या लोकांकडेही आहे, विशेषतः दिवाळीत देणगीचे धनादेश लिहिणाऱ्यांकडे. संगमरवरी पाटीवर आपलं नाव कुठे येणार, हे त्यांनी जरूर विचारावं. सोबत आणखी एक गोष्ट लेखी मागावी: गेल्या वर्षी किती निर्धन रुग्ण किती दिवस दाखल होते आणि त्यांना कोणता दर लागला. मंडळाला उत्तर शोधावंच लागेल, कारण धनादेश अडलेला असेल. आणि असं उत्तर एकदा दिलं, की पुढच्या वर्षी ते नाकारायला कारण राहत नाही.