उथळ खिसा

लेकीच्या स्टिकची जाळी सैल पडली होती, ती घेऊन काल रात्री बसले. मुलींच्या लॅक्रॉसमध्ये, म्हणजे जाळीच्या स्टिकने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळात, जाळीचा खिसा उथळ लागतो. चेंडूचा माथा कडेच्या वर दिसायलाच हवा, नाहीतर पंच ती स्टिक चालू देत नाहीत. दोरी छिद्रातून ओढायची, चेंडू टाकून बघायचा, पुन्हा सोडायची. घाई करावीशी वाटेना.

बाल्टिमोरला येईपर्यंत हा खेळ मी पाहिलाही नव्हता. इथल्याच ब्रिन मॉर शाळेत १९२६ साली रोझाबेल सिंक्लेअर यांनी मुलींना तो शिकवायला घेतला. आमच्या वस्तीतली लीग सुरुवातीला मूठभर मुलींची होती; आता शनिवारी मैदान पुरत नाही. गॉगल लावलेल्या त्या घोळक्यात आपली कुठली, ते पटकन कळत नाही. चेंडू मागताना मात्र त्या केवढ्या मोकळ्या आवाजात ओरडतात! माझ्या शाळेत आम्ही कडेला बसून मुलांचं क्रिकेट बघायचो. या मुलींचा तो आवाज ऐकला की पोटात काहीतरी हलतं; आनंदच असावा, पण निखळ नव्हे.

मुळात हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी हॉदेनोसॉनी लोकांचा. त्यांच्या परंपरेत तो पवित्र, आणि पुरुषांचा. आज त्यांच्या मुलींचाही संघ आहे. त्यांच्या आज्यांनी हे कसं स्वीकारलं असेल, कुणाला तरी विचारायचं आहे.