रस्त्याकडेच्या गारगोट्या

मैत्रिणींनो, सुटीत मुलांना कुठं न्यावं, हा प्रश्न तुम्हालाही पडतो ना? आम्ही डबा घेऊन दगड वेचायला जातो! नाशिक-सिन्नर भागात रस्त्यासाठी खडक फोडलेला असतो, तिथं खाली पडलेल्या चुऱ्यात गारगोट्या मिळतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आधी दाखवलंत, तर मुलांची नजर तयार होते.

धाकट्याला खरं तर हवं होतं डायनोसॉरचं हाड. त्याला सांगितलं, हा काळा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या रसरसत्या तापात हाड कुठलं टिकायला! पण वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढं खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि स्फटिक वाढले.

ओळखायचे कसे? अहो, स्वयंपाकघरातच! व्हिनेगरचा थेंब टाकून बारीक बुडबुडे आले, तर कॅल्साइट. काचेवर ओरखडा उठला, तर क्वार्ट्‌झ (जुनी बाटली घ्या, आरसा नको!). फिकट गुलाबी, पेंढीसारखा झुबका असेल, तर बहुधा स्टिल्बाइट.

हातोडी मात्र नेऊ नका. कड्याखाली आणि वळणावर थांबायचं नाही, हे आमच्या ह्यांनासुद्धा बजावावं लागतं.

आमचा धाकटा वाचनाच्या तासाला रडतो. ‘आई शिक्षिका असून!’ असं नातेवाईक बोलतात. परवा त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यात दगड मांडले आणि प्रत्येकाखाली आपणहून चिठ्ठी लिहिली. ‘स्टिल्बाइट’ चुकलंय. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.