पाचवा हात

बंगळूरात आमच्या घरी सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा म्हणजे एम. जी. रोडवर जी. के. वेलमध्ये जायचं. १९१० सालापासूनचा स्टुडिओ. तिथे जाताना आजी नथ घालायची. रोजचे रोल मात्र मल्लेश्वरमच्या एका लॅबमध्ये धुवायला टाकत. छत्तीसचा रोल गणपतीत सुरू झाला की पाडव्यापर्यंत पुरायचा, आणि शेवटचे एक-दोन फोटो रोल संपवायचा म्हणून कुंडीचे नाहीतर शेजारच्या मांजराचे. कॉप्या अल्बमात गेल्या की निगेटिव्ह पाकिटासकट कपाटाच्या वरच्या फळीवर. परत त्यांच्याकडे कोण बघतंय!

आता मीच बघतो. एस. पी. रोडवरून आणलेला एलईडीचा सपाट दिवा, त्यावर निगेटिव्हची पट्टी, वर स्टँडला खाली तोंड करून अडकवलेला डिजिटल कॅमेरा. खोलीत अंधार आणि पंखा बंद, नाहीतर धूळ बसते. रंगीत निगेटिव्हचा मुळातला नारिंगी थर आधी वजा करावा लागतो. तो तसाच ठेवून रंग उलटे केले तर सगळं घर निळं दिसतं. वडिलांचे कृष्णधवल रोल उटीच्या 'इंदू'चे. त्यांत नारिंगीची कटकट नाही, पण ते बेळगावच्या घरी पडून होते, तिथल्या पावसाळ्यांनी त्यांच्यावर बुरशी चढवलेली. स्कॅनरमध्ये असते ती धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोयही तिथे निकामी, कारण चांदीचे कण ते किरणच अडवतात. मग माऊस घेऊन एकेक ठिपका हाताने.

एवढा खटाटोप कशाला? कॉपीत नव्हतं ते निगेटिव्हमध्ये आहे म्हणून. एम. जी. रोडच्या कडेची बोगनवेलीच्या कमानींची पायवाट २०११ साली मेट्रो सुरू झाली त्याच्या आधीच गेली. अल्बममधल्या कॉपीत तिच्यावरचं आभाळ पांढरं फटक; निगेटिव्हमध्ये चक्क ढग भरून आलेत. शिवाय साडेतीन बाय पाचच्या कागदावर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट पूर्ण मावतच नाही. यंत्र कडा छाटायचं, आम्हाला पत्ताच नसायचा. लालबागेत काचघरासमोर आम्ही चौघं उभे आहोत, त्याच्या स्कॅनमध्ये डाव्या कडेला पाचव्या माणसाचा हात निघाला. हिरव्या बांगड्या, मुठीत कॅमेऱ्याचं चामडी कव्हर. आत्या! ती त्या दिवशी बरोबर होती हे तिच्याशिवाय सगळे विसरले होते.

पूर्वी आभाळ किती पांढरं, चेहरा किती लाल, हे लॅबमधला पोरगा ठरवायचा आणि आपण पैसे देऊन मान्य करायचो. त्यात सुख होतं, खोटं कशाला बोलू! आता स्लायडर माझ्या हातात आणि मत घरातल्या प्रत्येकाला. लालबागेतल्या त्या फोटोतली आईची साडी कॉपीत निळसर. स्कॅनमध्ये स्लायडर जरा सरकवला की मोरपंखी, आणखी सरकवला की जांभळी. बेळगावला फोन लावला.

"मोरपंखीच. मी नेसले होते, मला विचार," आई म्हणाली.

"काही नाही रे, जांभळी! खडेबाजारातून मीच घेऊन दिली होती," मागून आत्या.

२४०० डीपीआयला स्कॅन केलं तर अकरा इंच रुंद प्रिंट छान निघते. दोन काढल्या, एक मोरपंखी, एक जांभळी. आत्याने तिची प्रिंट फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे, आणि आई तिच्या घरी गेली की त्या प्रिंटकडे पाठ करून बसते.