सून सोलापूरला आलीच नव्हती

शिरूरला रेल्वे नाही, दौंडला आहे. आम्हा भावंडांना सुट्टीत दौंडच्या आत्याकडे जायला एवढे कारण पुरे व्हायचे. आत्याचे मालक रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली फौजेच्या पोशाखातला एक फोटो होता. तो आत्याच्या थोरल्या मुलाचा, आमच्या दादाचा. ज्याच्या नावाने स्तंभ ओळखला जातो ते कोरेगाव आमच्याच शिरूर तालुक्यातले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि आपल्या घरांना फौजेतला फोटो काही नवा राहिला नाही. रेजिमेंटचे केंद्र पुढे मध्य प्रदेशात सागरला गेले. दादा तिथे असताना त्याने तिकडचीच मुलगी पसंत केली आणि लग्नही तिकडेच केले. दौंडला दोघे एकदाच येऊन गेले. १९७९ साली दादा नोकरीत असतानाच आजाराने गेला. मूल वर्षाचेही नव्हते. वहिनी मुलाला घेऊन सागरलाच राहिली आणि एका शाळेत नोकरीला लागली.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि रविवारी सगळी चाळ तिथे जमायची. त्या दिवशी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ लागला. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट. सोलापूरचा तरुण डॉक्टर जपान्यांशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला जातो. तिथल्या चिंग लानवर त्याचे प्रेम बसते, दोघांचे लग्न होते, मूल होते आणि तो तिकडेच मरतो. डॉक्टर झालेत स्वतः शांताराम आणि चिंग लान झाली आहे जयश्री. शेवट तर कोणालाही विसरता येणार नाही. मरताना तो बायकोला आपल्या घरची वाट सांगत असतो, आणि पडद्यावर ती बाळाला घेऊन त्याच वाटेने सासरी येते.

आत्याचा पदर ओला झाला होता. घरी आल्यावर तिने विचारले, “म्हंजी ती आली ना रं शेवटी सासूच्या दारात?”

आम्ही म्हटले, “आली की.”

“मग ती आपल्या दौंडावरनंच गेली असंल. सोलापूरची गाडी हितनंच जाती.”

आम्हाला ते पटले. आम्हीही मनातल्या मनात दौंडच्या फलाटावर चिनी सून उभी करून पाहिली. पण आत्याचे पुढचे वाक्य वेगळे होते. “चीनची पोर सोलापूरला आली. सागर काय चीनच्या पल्याड हाय?”

त्या दिवसापासून हा चित्रपट वहिनीच्या डोक्यावर बसला. आत्याला लिहिता येत नव्हते. पत्रे आम्ही लिहायचो. आत्या सांगायची त्यात आम्ही पदरचे दोन शब्द घालायचो, तेही बोचरे. वहिनीचे उत्तर हिंदीत यायचे. शाळा, पोराचा अभ्यास, रजा मिळत नाही. ‘बहाणे’ असे म्हणून आम्ही ते पत्र घडी करून ठेवायचो.

१९९३ साली पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात आम्हाला ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक सापडले, ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. म्हणजे, आणि एक परत आला नाही. १९४४ चे हे पुस्तक. त्याच्यावरूनच तो चित्रपट झाला. पटकथा लिहिली तीही अब्बास यांनीच, वसंत साठे यांच्या जोडीने. आम्ही ते शब्दकोश जवळ घेऊन हळूहळू वाचले.

पुस्तकाच्या नावातच पाच माणसे आहेत. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेले पाच डॉक्टर होते अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चार परत आले. चित्रपट त्या एकाचा झाला, आणि एकाचा झाला म्हणून प्रेमकथाही झाला. यात आम्हाला गैर वाटत नाही. पडद्याला एक चेहरा लागतो, आणि शांतारामांनी तो दिला नसता तर कोटणीस हे नाव दौंडच्या चाळीपर्यंत आले नसते.

पण जुळत नव्हते ते पुष्कळ होते. चित्रपटात प्लेगची साथ हा मोठा प्रसंग आहे आणि डॉक्टरलाही प्लेग होतो. खऱ्या कोटणीसांना फेफरे येत होते. त्या दुखण्यानेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांचे मोठेपण कळायला प्लेग लागत नाही. १९४० च्या लढाईत जखमी येत राहिले तेव्हा त्यांनी ७२ तास न थांबता शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. वडील वारल्याची बातमी कळली तरी ते घरी परतले नाहीत.

आणि चिंग लान? तिचे खरे नाव गुओ चिंगलान. ती परिचारिकांना शिकवणारी शिक्षिका होती. १९४० साली बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात तिने या परक्या डॉक्टरला पाहिले. हा माणूस चिनी बोलतो, थोडे लिहितोही, याचेच तिला नवल वाटले. १९४१ च्या अखेरीस लग्न झाले, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा ते बाळ साडेतीन महिन्यांचे होते.

ती सोलापूरला आली नाही. बाळाला घेऊन ती चीनमध्येच राहिली, आपले काम करत राहिली. भारतात आली ती पुढे बऱ्याच वर्षांनी, पाहुणी म्हणून. १९४६ साली पडद्यावर ती सासरचा उंबरा ओलांडत होती तेव्हा खरी बाई युद्धाने पोळलेल्या मुलखात चार वर्षांचे पोर वाढवत होती. तिला कोणी विचारले नव्हते. पुस्तकवाल्याची अडचण आम्ही समजू शकतो. अब्बास यांनी बरेचसे ऐकले ते परतलेल्या डॉ. बसूंकडून, आणि लग्न झाले तेव्हा बसू त्या भागात नव्हतेच. तिने आपली हकीकत स्वतः सांगितली ती २००६ साली, ‘माय लाइफ विथ कोटणीस’ या पुस्तकात. २०१२ मध्ये ती वारली.

चित्रपटाचा तो शेवट का केला असेल, यावर आम्ही भावंडे खूप बोललो. थिएटरात बसलेल्या आयांना पोरगा परत देता येत नव्हता, म्हणून निदान सून आणि नातू दिला असावा. दिलाशापोटीच केले असणार. पण त्याची किंमत आमच्या घरात एक बाई सात वर्षे भरत होती, आणि ती वसूल करणारी पत्रे आमच्या अक्षरातली होती.

आम्ही दौंडला गेलो आणि आत्याला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

“मग पिच्चरमधी खोटंच दावलं?”

“शेवट खोटा आहे, आत्या.”

बऱ्याच वेळाने तिने विचारले, “आन् त्या पोराचं काय झालं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. यिनहुआ १९६७ साली वारला, वयाच्या २४ व्या वर्षी, वैद्यकीय शिक्षण पुरे व्हायच्या आत. एका लेखात आम्ही ते वाचले होते.

“डॉक्टरकी शिकला,” आम्ही म्हटले. तेवढेच सांगितले. पुढचे आत्याला कधीच कळले नाही, आणि ते बरोबर केले की चूक, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

त्या रात्री आत्याने पत्र लिहायला बसवले. या वेळी आम्ही पदरचे काही घातले नाही. ‘पोराची दहावी होऊ दे. तुला रजा नसंल तर आम्हीच येतो. गाडी कुठं बदलायची ते कळव.’

उत्तर पंधरा दिवसांत आले. हिंदीतच होते, पण त्यात बहुतेक स्टेशनांचीच नावे होती. दौंडहून मनमाड, मनमाडहून भुसावळ, इटारसी, भोपाळ, मग बीना. बीनाला उतरायचे आणि कटनीकडे जाणारी गाडी धरायची. सागर स्टेशनवर मुलगा उभा असेल. आत्याने ती नावे आमच्याकडून चार वेळा म्हणून घेतली आणि पाचव्या वेळी स्वतः म्हणून दाखवली.