पाटी कुणाची, फायली कुणाच्या?

आमच्या जमिनीचा दावा आजोबांच्या काळापासून फोंड्यातल्या एका वकिलांकडे होता. कोर्टात वकीलसाहेब उभे राहायचे, पण ऑफिस चालवायचे ते नाना. नाना म्हणजे त्यांचे कारकून. एक-चौदाच्या उताऱ्यात चूक कुठे आहे, मुंडकाराच्या अर्जात काय राहिले, पोर्तुगीज दस्तऐवजातली चतुःसीमा आजच्या कुठल्या सर्व्हे नंबरात बसते, हे नानांनाच विचारावे. तारखांची डायरी, टायपिस्ट, स्टॅम्प, फीची वसुली, सगळे त्यांच्या हाती. आम्ही थट्टेने म्हणायचो, "नाना, पाटीवर तुमचेच नाव हवे!"

एके दिवशी वकीलसाहेब अचानक गेले. मुलगा दुबईला इंजिनिअर. दिवसकार्य आटोपल्यावर तो नानांना म्हणाला, "ऑफिस बंद कशाला करायचे? दोन तरुण वकील पगारावर ठेवू. तुम्ही सांभाळा. उरेल ते आपण दोघे वाटून घेऊ."

आमची तारीख जवळ आली होती, म्हणून मी तिथेच बसलो होतो. खरे सांगतो, मला बेत पटला. डॉक्टर नसलेला माणूस इस्पितळ काढतो, पत्रकार नसलेला वर्तमानपत्र काढतो. मग वकिलाचे ऑफिस तेवढे वेगळे का?

नानांनी मान हलवली. "आमी राखणदार, धनी न्हय."

नंतर त्यांनी मला नियम सांगितला. १९६१ च्या वकील अधिनियमाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांनुसार वकिलाला वकील नसलेल्याशी भागीदारी करता येत नाही, फीचा वाटाही देता येत नाही. कारकुनाने पगारावर ऑफिस सांभाळायला आडकाठी नाही. मालकी मात्र नाही.

"पण का?" मी विचारले.

"समज, तुझ्या दाव्यात तडजोड झाली तर तुझे भले, आणि दावा दहा वर्षे लांबला तर ऑफिसचे भले. त्या पगारी पोराला दुबईहून फोन आला, तर तो कुणाचे ऐकेल? वकिलाने दगा दिला तर बार कौन्सिल त्याची सनद काढून घेते. माझे काय काढून घेणार?"

जगात सगळीकडे असेच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियात २००७ साली 'स्लेटर अँड गॉर्डन' ही वकिलांची संस्था चक्क शेअर बाजारात उतरली. इंग्लंडने त्याच वर्षी कायदा करून बाहेरच्यांना मालकीची वाट मोकळी केली. २०१२ साली जे परवाने दिले गेले, त्यांतला एक तर किराणा दुकाने चालवणाऱ्या सहकारी संस्थेच्या शाखेला! भांडवल येईल, सामान्य माणसाला सल्ला स्वस्तात मिळेल, हा त्यामागचा विचार. तो खोटा म्हणता येणार नाही. पण तिथेही कायदेशीर कामाला जबाबदार असा एक वकील नेमावाच लागतो. आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या संस्थेला आपल्या घटनेत लिहावे लागले, की कर्तव्य आधी न्यायालयाशी, मग पक्षकाराशी, भागधारक शेवटी. म्हणजे नानांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

वकील वारला की त्याचे वकालतनामेही संपतात. पुढचे चार महिने नाना एकेका पक्षकाराला बोलावून फाईल हाती देत होते. आमची फाईल दिली तेव्हा वर कागदांची यादी होती, त्यांच्या नेटक्या अक्षरात. यादीतला एकही कागद गहाळ नव्हता. शेवटी पाटी उतरली.

नियम आमच्या बाजूने उभा राहिला, हे मला आता पटते. आमचा दावा कुणाच्या नफ्याचा माल झाला नाही. पण नानांच्या बाजूने कोण उभे राहिले? केरळने २००३ साली वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. आमच्या नानांना अडतीस वर्षांनंतर मिळाला तो शेवटच्या महिन्याचा पगार आणि एक जुना टाइपरायटर. इतकी वर्षे आम्ही त्यांच्या हाती फी मोजून देत आलो, पण "नाना, यातले तुम्हाला किती मिळतात?" असे मी एकदाही विचारले नाही.

राखणदाराला आपण वर्षातून एकदा तरी नारळ देतो. नानांना आम्ही तोही दिला नव्हता.