बिबट्याची नोटीस

४ नोव्हेंबर, बोरीवली पूर्व
काल रात्री बिबट्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून चालत गेला. संजय गांधी नॅशनल पार्क (एसजीएनपी) इतकं जवळ, त्यामुळे नवल नाही. पण त्याची क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरली आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. मी वर्तमानपत्रात उपसंपादक, म्हणून सेक्रेटरींनी नोटिशीचा मसुदा माझ्याकडे दिला: ‘परिसरात वन्य प्राण्याचा वावर आढळून आल्याने सभासदांनी योग्य ती खबरदारी घ्यावी.’ योग्य ती म्हणजे कोणती? रात्री कचरा टाकायला उतरणाऱ्याने यातून काय समजायचं?

५ नोव्हेंबर
२००४ सालची कात्रणं वाचली. पार्कच्या आसपास तेव्हा हल्ल्यांत बरीच माणसं गेली. पुढे २०११ मध्ये वन विभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या. विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी साखळी उलगडून दाखवली: उघडा कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. एका बिबट्याला पकडून नेलं की मोकळ्या जागेत दुसरा येतो. जुन्नरकडे पकडलेले बिबटे जिथे सोडले, तिथे हल्ले वाढले होते. कार्यशाळांत ‘घबराट पसरेल असं छापू नका’ एवढंच सांगितलं असतं तर कुठलाही बातमीदार बिथरला असता. इथे त्याच्या हाती कारण दिलं, आणि बातम्यांचा सूर बदलला. आमच्या धंद्यातलं इतकं नेमकं काम मी क्वचित पाहिलंय.

६ नोव्हेंबर
नोटीस लावली. ‘अंधार पडल्यावर मुलांना एकटं खाली पाठवू नका. कचरा सकाळीच द्या. कुत्र्यांना गेटपाशी खायला घालू नका. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, पाठलाग करू नका. वन विभागाला १९२६ वर कळवा.’ क्लिपचा उल्लेख शेवटी, एका ओळीत.

९ नोव्हेंबर
सभा. मी जुन्नरपासून सुरुवात केली, तोच ए विंगच्या काकू उठल्या. “अहो, ते राहू द्या. माझी नातवंडं खाली खेळतात, त्यांचं काय?”
“दिवेलागणीनंतर सोबत मोठं माणूस हवंच, काकू. मागचे दिवे उद्या दुरुस्त होतायत.”
काकू बसल्या. मग बिबट्याला पकडायला पिंजरा का नको, ते सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जीव ज्यात अडकलाय त्याचं उत्तर आधी मिळालं, की माणूस पुढचं ऐकायला मोकळा होतो. कचऱ्याचे डबे भिंतीपासून हलवायचं ठरलं. उघड्या कचऱ्याबद्दल कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याशी कोण बोलणार, ते अजून ठरायचंय.